मऊ तळाचा बूट

हातात घेतल्यावर

दिसायला जाड, उचलला की हलका. तळाचा फोम टाचेपाशी चांगला तीन बोटं उंच. रंग ताकासारखा, मळ लगेच दिसेल. रोजच्या पळण्याचा बूट असावा तसा आहे. मिरवायचा नाही, झिजवायचा.

एवढं लिहून गौतम सोनकांबळेनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि घराच्या पायरीवर बसल्या बसल्या नाड्या बांधायला घेतल्या.

बूट विकतचे नव्हते. हैदराबादेत कुकटपल्लीला एक लहानसा कारखाना होता. तिथं नवा बूट तयार झाला की बाजारात जाण्याआधी ओळखीच्या चारदोन पळणाऱ्यांना द्यायचे. पळा, घामात भिजवा, मग सांगा कसा आहे. सगळ्यांच्या सांगण्याला किंमत होती, पण गौतमच्या सांगण्याला वजन होतं. एकदा त्यानं दोन पावलं टाकून सांगितलं होतं, उजव्याचा फोम वेगळ्या घाण्यातला आहे. कारखान्यात बूट पाहणाऱ्या रेणूनं दोन्ही करवतीनं उभे कापले, तेव्हा खरंच तसं निघालं. तेव्हापासून ती म्हणायची, मशीनचं नंतर बघू, आधी गौतम सरांचा तळवा काय म्हणतो ते विचारा.

रेल्वेच्या ऑफिसात खुर्ची झिजवणाऱ्या माणसाला असं कोण म्हणतं? गौतम तारनाक्याहून विद्यापीठाकडे पळत निघायचा तेव्हा हे वाक्य त्याच्याबरोबर पळायचं.

पहिली पावलं

मऊ. (खोडलं.)

फार मऊ. (खोडलं.)

कुठंच काही लागत नाही.

हे वाक्य त्यानं ठेवलं. खोटं नव्हतं. विद्यापीठातल्या रस्त्यावर मुळांनी डांबर उचललेलं होतं, खडी वर आलेली होती, आणि तो त्यावरून असा गेला जसं कुणी गादीवरून चालतं. टाच टेकली कधी, बोटांनी ढकललं कधी, काही पत्ताच नाही. आधी त्याला मजा वाटली. मग वळणावर, उतार लागला तेव्हा, त्यानं उगाच खाली पाहिलं. पाय जागेवर होते.

घरी येऊन त्यानं बूट दाराबाहेर काढले, मोजे बुटात कोंबले आणि आत गेला. मे महिना असला तरी घरातली शहाबादी फरशी सकाळी गार असते. माठातलं पाणी पिता पिता त्याला वाटलं, मोजे काढायचे राहिलेच. ग्लास तसाच हातात धरून तो वाकला आणि मोजा ओढायला घोट्याला हात घातला.

मोजा नव्हता.

कट्टा

पळून झालं की हे बूट मिळालेले सगळे विद्यापीठातल्या एका पुलाच्या कठड्यावर बसायचे. शेजारी इडलीची बंडी. तिथं नव्या बुटाबद्दल बोलायची रीत ठरलेली होती. कुणी ठरवली नव्हती, पडली होती. आधी गौतम बोलायचा, मग बाकीचे.

"काय मियाँ," आबासाहेब म्हणाले, "बूट काय म्हणतो तुझा?"

आबासाहेब उदगीरकडचे. साठी कधीच ओलांडलेली. नारायणगुड्यात बियाण्यांचं दुकान, आता मुलगा बघतो. वडिलांच्या वडिलांपासून हैदराबादेत, त्यामुळे मराठी बोलतानाही जीभ अधूनमधून चारमिनारला जाऊन यायची.

"चांगला आहे," गौतम म्हणाला. "कुठं काही लागत नाही."

"डाव्यात पण नाही?"

"डाव्यात काय?"

"करंगळीपाशी काहीतरी टोचतंय मला. आतून. कणी असल्यासारखं."

गौतमनं डावा पाय पुढे केला, बुटाच्या आत बोटं दाबली, उघडली. काहीच नाही. टोचणं नाही, न टोचणंही नाही.

"मला तर काही नाही," तो म्हणाला.

"मग माझीच करंगळी वाकडी असंल," आबासाहेबांनी इडली चटणीत बुडवली. "म्हातारपण. तुझ्या पायाला कळत नाही ते आम्हाला काय कळणार, जाऊ दे, नक्को."

पलीकडे निखिल बसला होता, सॉफ्टवेअरमधला पोरगा. तो काहीतरी म्हणायला तोंड उघडत होता. त्यानं इडली तोंडात टाकली.

टिकाऊपणा

(इतक्यात सांगता येत नाही.)

बोटांची जागा

पुढचा भाग ऐसपैस. बोटं एकमेकांवर चढत नाहीत. उन्हात पाय फुगतात तेव्हाही

इथं तो थांबला, कारण पायरीवर बसून त्यानं डावा मोजा काढला होता आणि मोज्याच्या टोकाला, करंगळीच्या जागी, रुपयाएवढा तांबडा डाग होता.

त्यानं बोट पाहिलं. बाहेरच्या बाजूनं कातडं सोललेलं. ओलं. जखम अशी की दुसरा कुणी असता तर लंगडत आला असता. गौतमनं त्यावर बोट ठेवलं. बोटाला जखम कळली, जखमेला बोट कळलं नाही.

नखामुळे झालं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नख वाढलंय. आत जाऊन त्यानं पट्टी लावली, मोजा न्हाणीघरात स्वतःच धुतला आणि दोरीवर न घालता खिडकीच्या गजाला, पडद्याच्या मागं वाळत टाकला. लग्नानंतर स्वतःचा मोजा त्यानं पहिल्यांदा धुतला असेल.

साखर होती त्याला. म्हणजे बॉर्डरवर. हा शब्द त्याचा स्वतःचा. गोळी रोज घ्यायचा, पण तपासणी पळायला लागल्यापासून सोडूनच दिली होती. जो रोज एवढा पळतो त्याला साखर कसली? हे तो इतरांना सांगायचा. वडिलांनाही साखर होती, पण ते पळत नव्हते ना. वडील लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांचा अंगठा बुटातल्या खिळ्यानं फाटला, आणि ते ओव्हरटाइम करून घरी आले तेव्हा आईनं बूट ओढला, तर बुटातून रक्त. "लागलं कसं नाही तुम्हाला?" आई विचारत होती. वडील हसले होते, कौतुक झाल्यासारखे. आधी अंगठा गेला. मग घोट्यापासून पाय. मग फार दिवस गेले नाहीत.

उन्हात पाय फुगतात तेव्हाही जागा पुरते, असं त्यानं वाक्य पुरं केलं.

एक वेगळी चाचणी (ही लिहायची नाही)

बायकोनं, रूपालीनं, चिंच फोडली होती. चिंचोके सुपात पडलेले. त्यानं एक उचलला, गुळगुळीत, काळपट, चांगला टपोरा, आणि पळायला निघताना डाव्या बुटात टाकला. अगदी टाचेखाली. बघू.

निघाला. पहिल्या वळणापर्यंत त्याचं सगळं लक्ष टाचेत. आहे. काहीतरी आहे. का आपल्याला माहीत आहे म्हणून आहे? तो थांबला, पुन्हा पळाला. आता उजव्यातही आहे असं वाटायला लागलं, आणि उजव्यात तर काही टाकलं नव्हतं. मग त्यानं मन दुसरीकडे न्यायचं ठरवलं. ऑफिसातलं आठवलं, पावसाळ्याआधी गच्चीला डांबर मारायचं आठवलं. आबासाहेब भेटले, त्यांनी सुनेच्या नव्या मिक्सरची गोष्ट सांगितली. गौतम हसला. खरंखुरं हसला.

घरी येऊन बूट काढताना चिंचोका टपकन फरशीवर पडला, तेव्हा त्याला आठवलं.

तो पायरीवर बसून राहिला. शेजारची मांजर आली, चिंचोक्याला पंजा मारून पाहिला, निघून गेली. बूट मऊ आहे, तो मनाशी म्हणाला. फारच मऊ आहे. एवढा फोम असल्यावर चिंचोका काय, खडासुद्धा कळणार नाही.

पण चिंचोका फोमच्या वर होता.

उन्हात

उन्हात फोम आणखी मऊ पडतो का, ते बघायचं आहे.

बुद्धपौर्णिमेला सगळे विहारात गेले. पांढरे कपडे, हातात फुलं, चपला फाटकाशी. फाटकापासून मांडवापर्यंतचं अंगण काळ्या दगडाचं. दुपार व्हायला आली होती. बायका पदर सावरत, पोरं किंचाळत, म्हातारे एकमेकांचा हात धरून, सगळे टाचा उचलत, उड्या मारत मांडवातल्या सतरंजीकडे पळत होते. दरवर्षीचं होतं ते. दरवर्षी लोक त्यावर हसायचे.

रूपाली सतरंजीवर पोहोचली, तळवे चोळले आणि वळून पाहिलं. तिचा नवरा अंगणाच्या मधोमध उभा होता. ऑफिसातला कुणीतरी भेटला होता. त्या माणसानं एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर नाचत दोन शब्द बोलून रजा घेतली. गौतम तिथंच उभा. मोबाइल काढून काहीतरी बघत. दोन्ही पाय सपाट टेकलेले, जसा कुणी बसस्टॉपवर उभा असतो.

ती त्याला हाक मारणार होती. मारली नाही. बघत राहिली. किती वेळ उभा राहतो ते बघत राहिली.

वंदनेला तो तिच्या शेजारी मांडी घालून बसला तेव्हा तिनं पाहिलं, डाव्या करंगळीला पट्टी. मळलेली.

बाहेर पडताना चपला घालता घालता ती म्हणाली, "अहो, चटका बसला नाही तुम्हाला?"

"सवय आहे. रोज पळतो ना."

"बुटात पळता तुम्ही."

त्यानं चप्पल पायात सरकवली. पट्टा अंगठ्यात नीट बसला नाही, ते त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. ती खाली बसली, भर फाटकात, पांढऱ्या साडीत, आणि हातानं त्याचा अंगठा पट्ट्यात घातला.

"ऊठ, लोक बघतायत," तो म्हणाला.

"बघू द्या. मामंजींचे बूट सासूबाईंनी ओढले होते, ती गोष्ट तुम्हीच सांगितलीत मला. मी पण ओढेपर्यंत थांबू का?"

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"शनिवारी कुकटपल्लीला जायचंय. बुटाचं पक्कं व्हायचंय."

"ते सकाळी. मी संध्याकाळचं म्हणतेय."

"बघतो."

"बघा," रूपाली म्हणाली, आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

कोणी घ्यावा

कुकटपल्लीच्या त्या खोलीत डिंकाचा आणि रबराचा वास भरलेला असतो. फळीवर उभे कापलेले बूट, अर्धे अर्धे, पोटातलं सगळं दाखवत. मेट्रोनं अमीरपेटला बदलून येईपर्यंत गौतमनं मनात वाक्य तयार केलं होतं. रोजच्या पळण्याला, नवशिक्यांना, वजनदार माणसांना उत्तम. कुठंही लागत नाही. वाक्य चांगलं होतं. बोलून टाकलं की झालं. पाय हा घरचा विषय आहे, बूट हा इथला.

"सर, बसा ना," रेणू म्हणाली. तिच्या टेबलावर नमुन्याची डावी-उजवी जोडी. "आज फायनल झालं की सोमवारी मोठे साचे सुरू. मग टाचणीएवढा बदल करता येणार नाही. म्हणून आज नीट सांगा. सर, आधी तुम्ही."

आबासाहेब, निखिल आणि आणखी दोघं गौतमकडे बघायला लागले. रोजच्यासारखे. तयार. तो जे म्हणेल ते त्यांच्या पायांना कळणार होतं.

आणि तेवढ्यात त्याला कठड्यावरची सकाळ आठवली. निखिलचं उघडलेलं आणि मिटलेलं तोंड. आबासाहेबांची वाकडी करंगळी. आपला एकट्याचाच नाही, आपण सगळ्यांचे पाय बधिर केलेत.

"आज आबासाहेबांपासून सुरू कर," तो म्हणाला.

"मी काय सांगणार?" आबासाहेब म्हणाले. "गौतमचं तेच माझं."

"तुम्हाला टोचत होतं ना डाव्यात?"

"तू म्हणलास काही नाही, म्हणून मी—"

"माझं सोडा. टोचत होतं का?"

आबासाहेबांनी रेणूकडे पाहिलं, गौतमकडे पाहिलं. "टोचतंय की. अजून टोचतंय. मी आतून कापूस लावून पळतो."

"ॲक्च्युअली," निखिल हळूच म्हणाला, "मला पण तिथंच लागतं, सर. मला वाटलं माझा सॉक्स खराब आहे."

रेणूची नजर गौतमवर. "सर? तुम्ही तर लिहिलंय, कुठंच काही लागत नाही."

तोंडानं सांगता आलं असतं. पण तोंडावर त्याचा आता भरवसा नव्हता, ते पुन्हा काहीतरी गुळगुळीत बोललं असतं. तो वाकला, डावा बूट काढला, मोजा काढला, पट्टी सोडवली. सकाळीच नवी लावलेली, तरी ओली. करंगळीची बाहेरची बाजू काळपट लाल झाली होती. विहाराच्या दगडाचा एक फोडही तळव्यावर होता, तो त्यालाही आत्ताच दिसला.

"हे कधी झालं?" आबासाहेबांनी विचारलं.

"मला माहीत नाही," गौतम म्हणाला.

हे त्याचं सगळ्यात खरं वाक्य होतं आणि ते बाहेर पडल्यावर त्याला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. उलट भीती, जी इतके दिवस बुटात कोंबून ठेवली होती, ती आता त्या टेबलावर सगळ्यांसमोर बसली.

रेणूनं त्याचा डावा बूट उचलला, आत बोट घातलं, चाचपलं. मग करवतीचं मशीन सुरू केलं. बूट दोन भाग होऊन पडला. करंगळीच्या जागी आतल्या अस्तराखाली दोन थर एकावर एक चढले होते आणि त्यांच्या काठाला वाळलेल्या डिंकाची धार आली होती. नखानं खरवडली तरी निघेना.

"सगळ्याच डाव्यांत असणार," ती म्हणाली. "आणि मी तुमच्या भरवशावर..." तिनं वाक्य तिथंच सोडलं. दोन्ही भाग बाजूला ठेवत म्हणाली, "सर, कुणाला दाखवलंत का पायाचं?"

"संध्याकाळी," गौतम म्हणाला. म्हटल्यावर त्याला कळलं की आपण जाणार आहोत.

पट्टी पुन्हा लावून, कारखान्यातली चप्पल घालून तो निघाला. जिन्यावर आबासाहेबांनी त्याचा दंड धरला, एरवी कधी धरत नसत. "हौला आहेस तू, पक्का खुळा."

"हो."

"मी पण हौलाच. माझा पाय मला ओरडून सांगत होता, मी त्याला म्हणलं चूप बस, गौतमला काही नाही वाटत." दोन पायऱ्या उतरल्यावर ते पुन्हा थांबले. "तुझा अजिबातच बोलत नाही का रे?"

गौतमनं कठड्याला धरून पाऊल खाली ठेवलं. पायरी आहे ना, हे डोळ्यांनी बघून ठेवलं.

निष्कर्ष

डॉक्टर बाई तेलुगू, बोलायच्या हिंदीत. त्यांनी जखम धुतली, बांधली, साखर बघितली, आकडा बघून भुवई उचलली. मग टेबलाच्या खणातून पेनासारखं काहीतरी काढलं. त्याच्या टोकाला एक नायलॉनचा तंतू, माशाच्या गळाचा असतो तसा.

"आँखें बंद कीजिए. जहाँ लगे, हाँ बोलिए. बस इतनाच."

गौतम झोपला. डोळे मिटले. रूपाली डोक्याशी उभी, तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता.

पंखा. बाहेर तारनाक्याच्या चौकातले हॉर्न. मग डॉक्टरांच्या बाहीची सळसळ.

आता टेकवला असणार. आयुष्यात त्यानं एवढं तर कमावलं होतं, बारीक गोष्टींकडे लक्ष देणं. बाही सळसळली की तंतू टेकतो, हे त्याला दुसऱ्या वेळीच कळलं. स्टूल किंचित करकरलं, म्हणजे त्या पुढं वाकल्या, म्हणजे अंगठा. "हाँ" म्हटलं असतं तर बरोबर आलं असतं. एकामागून एक सगळी बरोबर आली असती. पुन्हा सळसळ. पुन्हा. त्याच्या जिभेवर शब्द तयार होता, कठड्यावर असायचा तसा, सगळ्यांच्या आधी.

त्यानं दात मिटून घेतले.

सळसळ. तो गप्प. डोक्याशी बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या, कुणी मनगट घट्ट धरून ठेवावं तशा. त्यानं कान बंद करायचा प्रयत्न केला, कान बंद होत नाहीत, म्हणून मनात मोठ्यानं ऑफिसातल्या लोकांची नावं घ्यायला लागला, सळसळ ऐकू येऊ नये म्हणून. नावं संपली. तो पायाची वाट बघत राहिला. पाय जणू दुसऱ्याच कुणाचा होता, लांब, पांघरुणाखाली झोपलेला.

"ठीक है," डॉक्टर म्हणाल्या. "अब दूसरा पैर."

पहिला संपला होता.

रूपालीचा हात त्याच्या कपाळावर येऊन थांबला. तो हात थंड होता. ते त्याला कळलं. त्यानं डोळे आणखी घट्ट मिटले. उजवा. पंखा, हॉर्न, सळसळ. काही नाही. पुन्हा काही नाही. करंगळी असावी, काही नाही. मग लांब, खूप खालून, टाचेपाशी, केसाएवढं काहीतरी टेकलं आणि उचललं गेलं.

खरंच टेकलं का? तो थांबला. घाई केली नाही. पुन्हा टेकलं.

"हाँ," तो म्हणाला. मग कपाळावरच्या हातासाठी मराठीत, "हो. टाच."

आणि पुढच्याची वाट बघायला लागला.